छापील भावावर पाच रुपये, सुट्या मालावर शून्य: पेडण्यातल्या एका पोसऱ्याचा हिशोब

गोव्याच्या पेडणे तालुक्यात हरमलच्या अलीकडे रस्त्याला लागून माझ्या चुलत भावाचा पोसरो आहे, दुकान म्हणा, पण गावात सगळे पोसरोच म्हणतात. जागा घरचीच त्यामुळे भाडं नाही, सकाळी सातला उघडतं ते रात्री साडेनऊपर्यंत, दादा आणि वहिनी आलटून पालटून बसतात आणि सीझनमध्ये संध्याकाळी एक मुलगा ठेवतात. मी म्हापशाला अकाउंटचं काम करतो म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला दादाने वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, बघ रे जरा, विक्री जुलैपेक्षा दीडपटीच्या वर गेली, पाय ठेवायला जागा नसते काउंटरवर, मग पैसे जातात कुठे.

प्रश्न खरा होता. जुलै २०२५ ची विक्री १,७०,००० आणि त्या मालाची खरेदी १,४७,०००, म्हणजे २३,००० सुटले. नोव्हेंबरला विक्री २,९०,००० आणि खरेदी २,६१,०००, सुटले २९,०००. आता त्यातून खर्च काढा. जुलैत लाईट, पिकअपचं भाडं, पिशव्या वगैरे मिळून साडेआठ हजार. नोव्हेंबरला लाईट ४,५००, म्हापशाच्या बाजारातून माल आणायला पिकअपच्या फेऱ्या ३,२००, मुलाचे ६,०००, बाकी किरकोळ १,३००, झाले १५,०००. हातात राहिले जुलैत साडेचौदा आणि नोव्हेंबरला चौदा! एक लाख वीस हजाराची विक्री जास्त आणि घरात पाचशे कमी.

दादाचं म्हणणं होतं की आपण सगळ्यावर दहा टक्के घेतोच. हे जवळजवळ प्रत्येक छोटा दुकानदार सांगतो आणि त्यातच पहिला घोळ असतो. शंभरचा माल एकशे दहाला विकला तर विक्रीच्या शंभरात नऊच रुपये सुटतात. आणि खरेदीचा शंभर म्हणजे बिलावरचा शंभर, त्यात पिकअप नाही, फुटतूट नाही, पिशवी नाही. ते सगळं धरलं की कित्येक वस्तूंवर पाच पण राहत नाहीत. बरं, दुकानाचा जीएसटी नंबर काढलेला नाही, आणि मग खरेदीवर भरलेला टॅक्स परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच धरायचा.

तर मी वहीतून वस्तू वेगळ्या काढायला बसलो. वाढलेली विक्री कशाची? जवळपास निम्मी सिगारेट, दूध आणि रिचार्ज. सिगारेटला शंभरामागे सहा-सात, दुधाला अर्ध्या लिटरच्या पिशवीमागे रुपया-सव्वा रुपया, रिचार्जला तर दोन-तीन टक्केच. त्यानंतर कोल्ड्रिंक, पाणी, चिप्स, यात दहा-अकरा सुटतात पण फ्रीज दिवसरात्र चालतो. गर्दी ती हीच, टुरिस्ट येतो, सिगारेट-पाणी घेतो आणि जातो. काउंटर भरलेला दिसतो एवढंच.

पण हे फक्त अर्धं उत्तर. कमी मार्जिनचा माल वाढला म्हणून टक्केवारी खाली यावी हे ठीक, पण एवढी? कुठेतरी आधीचं मिळणारं पण गेलं होतं. ते सापडलं अंड्यांत.

अंड्याचा घाऊक रेट रोज बदलतो, एनईसीसी ही अंडी उत्पादकांची संस्था रोज रेट जाहीर करते आणि आपल्याकडे बेळगावकडून येणारा टेम्पोवाला त्यावर स्वतःचं लावून बिल करतो. जुलैत दादाला अंडं पडत होतं ५ रुपये ६० पैशांना, विकत होता सातला. तीसचा ट्रे १६८ ला, त्यातलं एक सरासरी फुटतं, एकोणतीस गुणिले सात २०३, ट्रेमागे ३५ रुपये. नोव्हेंबरला थंडी सुरू झाली, मागणी वाढली, खरेदी ६ रुपये ६० वर गेली, ट्रे १९८ ला. आणि विक्री? सातच! २०३ वजा १९८, ट्रेमागे पाच रुपये. महिन्याला साधारण १२० ट्रे जातात. म्हणजे जुलैत ४,२०० देणारी अंडी नोव्हेंबरला ६०० देत होती आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण अंडी तर तेवढीच खपत होती. जुलैमध्ये तर मासेमारी बंद असते, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर नांगरलेले, ताज्या मासळीची मारामार, तेव्हा माणूस अंड्याला आठ रुपये पण देतो. तेव्हाही सातच आणि आताही सातच.

नारळाचं तेच. २०२५ मध्ये नारळाने सगळीकडेच डोळे पांढरे केले, त्यात गोव्यात नारळाशिवाय हुमण (माशाची आमटी) नाही की भाजी नाही. दादा शेकड्याने घ्यायचा, सरासरी ४२ ला पडत होता, विकत होता ४५ ला, लहान मोठा सगळा एकाच भावाने. शंभरातले चारेक नासके निघतात आणि गिऱ्हाईक फोडलेला नारळ परत आणून दाखवतं, बदलून द्यावाच लागतो. ९६ गुणिले ४५, ४,३२०. खरेदी ४,२००. शंभर नारळ उतरवून, रचून, बदलून देऊन १२० रुपये. आणि लोक पण हुशार, ढिगातले मोठे निवडून नेतात, मागे राहिलेले लहान शेवटी वहिनी घरात वापरते.

म्हणजे गोष्ट अशी होती की ज्याच्यावर भाव छापलेला आहे त्याचा भाव कंपनी वाढवते, दुकानदाराला काही करावं लागत नाही, गिऱ्हाईक पण कंपनीला शिव्या देतं. सुट्या मालाचा भाव मात्र स्वतःच्या तोंडाने वाढवावा लागतो आणि समोर कोण असतं तर शेजारची काकी, शाळेतल्या मास्तरांची बायको, देवळाचा भटजी. तिथे तोंड उचकटत नाही. मग अंडी सात, नारळ पंचेचाळीस, चालू दे.

आणि याच्या अगदी उलट दादा कुठे धीट होता तर थंड पाण्यात. वीस रुपये एमआरपीची लिटरची बाटली थंड हवी तर पंचवीस. फ्रीजचे पाच. या रस्त्यावर बरेच जण घेतात हे खरं, आणि शॅकवर (किनाऱ्यावरच्या हॉटेलात) तर तीच बाटली पन्नासला मिळते, मग आपण पाच घेतले तर काय बिघडलं हा त्याचा सवाल. बिघडतं ते असं की शॅक किंवा हॉटेल तुम्हाला बसवून सर्व्हिस देतं, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये हेच म्हटलंय की हॉटेलात बाटलीबंद पाणी देणं ही नुसती वस्तूची विक्री नाही, त्यामुळे तिथे एमआरपीचं बंधन लागू होत नाही. पोसऱ्याला ती सोय नाही. आपण काउंटरवरून बाटली हातात देतो, ती शुद्ध विक्री, आणि पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे छापील किमतीच्या वर एक रुपया पण घेता येत नाही, थंड असो की गरम. छापील किमतीत सगळे टॅक्स आलेच.

त्यात २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला. बाटलीबंद पाणी १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, रेल्वेने रेल नीर १५ ची १४ केली ते सगळ्यांनी वाचलं, आणि दादाकडच्या बाटलीवर पण नवीन बॅचला १८ छापून आलं. दादा साधी वीसला (दोन रुपये सुटे कोण देतं) आणि थंड पंचवीसलाच देत राहिला. नोव्हेंबरमध्ये एकदा पुण्याच्या एका बाईंनी बाटलीवरच्या आकड्यावर बोट ठेवून फोटो काढला आणि वजन-मापे खात्याला पाठवते म्हणाल्या. पाठवला की नाही देव जाणे, कुणी आलं नाही, पण वहिनी दोन रात्री झोपली नाही. दादा म्हणतो थंड पाण्यावरच तर सीझन निघतो. मांडून दाखवलं तेव्हा दिवसाला वीस बाटल्या, वर घेतलेले सात सात रुपये, महिन्याला चार हजार दोनशे. कमी नाहीत, मान्य. पण एवढी जोखीम घेऊन जे मिळवलं त्यातले ३,६०० रुपये अंड्यांत निमूटपणे सोडून दिले होते, जिथे भाव वाढवायला कायद्याने कुणीच अडवलं नव्हतं.

जीएसटीचा अजून एक फटका बसलेला. बिस्किटं, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शांपू सगळं १८ वरून ५ वर आलं, टीव्हीवर दिवसभर तेच, आणि दुकानात माल जुना, जुन्या टॅक्सने घेतलेला, जुनी एमआरपी छापलेली. गिऱ्हाईक म्हणतं भाव उतरले ना रे, मग जुना भाव का घेतोस. नंबर असलेला दुकानदार निदान आधी भरलेला टॅक्स हिशोबात धरू शकतो, आपल्याला ते पण नाही. काही डिस्ट्रिब्युटरनी फरक दिला, काहींनी हात वर केले. दादाने भांडण नको म्हणून बऱ्याच वस्तू खाली आणून विकल्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यात दोनेक हजार गेले असतील. हा खर्च एकदाचा, परत येणारा नाही, म्हणून त्यावर फार डोकं लावलं नाही.

आता करायचं काय. मी अकाउंटवाल्याच्या तऱ्हेने म्हटलं सुट्या मालावर सरसकट पंधरा टक्के लावा. वहिनीने मला जवळजवळ हाकललंच. तिचं म्हणणं असं, आणि मला ते शंभर टक्के पटलं, की गावातल्या बाईच्या डोक्यात पाच-सहाच भाव असतात. साखर, अंडं, नारळ, कांदा, उकडा तांदूळ, दूध. या पाच-सहांवरून ती ठरवते की हा पोसरो महाग की स्वस्त. साखर दोन रुपये महाग दिसली की ती साखरेबरोबर बाकी सगळं पुढच्या दुकानातून आणते. पण सुतळीचा गुंडा, कपड्यांचे चिमटे, खराटा, तिरफळं, आमसुलं, पणतीच्या वाती, दोरी, याचा भाव कुणालाच पाठ नसतो. वर्षातून एकदा घेतात, हातात घेऊन बघतात, योग्य वाटलं की देतात. मोठ्या सुपरमार्केटवाले पण हेच करतात, दूध-साखर दाराशी स्वस्त लावून ठेवतात आणि बाकी ठिकाणी वसूल करतात, फक्त त्यांच्याकडे ते कंप्युटर करतो आणि इथे वहिनीचं डोकं.

त्यामुळे साखरेला हात लावायचा नाही हे पहिलं ठरलं. पन्नास किलोचं पोतं २,१५० ला, विक्री ४५ ने २,२५०. वरवर शंभर दिसतात, पण तोलताना प्रत्येक वेळी चिमूटभर जास्त जाते, थोडी सांडते, पोत्यामागे अर्धा-पाऊण किलोची तूट, वर पन्नास पिशव्या. हातात चाळीस-पंचेचाळीस रुपये. तूट वाचवायला रात्री निवांत बसून किलोच्या पुड्या बांधून ठेवायचा विचार निघाला, पण त्यात एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. गिऱ्हाईक समोर नसताना ठराविक वजनाची पिशवी बांधून ठेवली की कायद्याच्या नजरेत ती पॅकबंद वस्तू होते, मग तिच्यावर नाव, पत्ता, वजन, एमआरपी, महिना सगळं छापावं लागतं. समोर तोलून दिलं तर काही नको. म्हणून फक्त काटा बदलला, जुना तराजू काढून इलेक्ट्रॉनिक घेतला. त्याचं मुद्रांकन (वजन-मापे खात्याची तपासणी आणि शिक्का) मात्र दर वर्षी करून घ्यावं लागतं हे पण धरून चाला.

अंडी हा अवघड मामला, कारण तो पाठ असलेल्या भावांतला आणि तिथेच घाटा. एकदम आठ केलं तर बोंब होणार. वहिनीने काढलेली युक्ती: एक घेतलं तर आठ, दोन घेतली तर पंधरा, डझन नव्वद. बहुतेक जण जोडीने नाहीतर डझनानेच घेतात, त्यांना साडेसात पडतं, आणि आठ आकडा ऐकून पंधरा स्वस्त वाटतं हे वेगळंच. सुट्या पन्नास पैशांचा प्रश्नही मिटतो. ट्रेमागे पाचाचे वीस झाले. जुलैतले पस्तीस नाहीत, पण ते आता मागायचे पण नाहीत. शिवाय टेम्पोवाल्याचं बिल दर सोमवारी बघायचं आणि तीस पैशांपेक्षा जास्त फरक पडला की फळ्यावरचा आकडा बदलायचा, वर पण आणि खाली पण. खाली आणणं महत्त्वाचं, नाहीतर लोक तुमच्या फळ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

हो, फळा. हा माझा हट्ट. सुट्या मालाचे भाव खडूने लिहून दाराशी टांगायचे. दादाला नको होता, त्याला टुरिस्टला वेगळा भाव सांगायची मुभा हवी होती, केळी गाववाल्याला साठ रुपये डझन आणि गोऱ्याला शंभर असं. सुट्या मालात एमआरपी नसल्यामुळे त्यात कायद्याची अडचण नाही, पण आता इथे येणारे निम्मे लोक चार चार महिने खोली घेऊन राहतात, रोज त्याच दुकानात येतात, त्यांचे आपापसात ग्रुप असतात, तिसऱ्या दिवशी त्यांना खरा भाव कळतो आणि मग ते केळी सोडा, काहीच घेत नाहीत. एकच भाव, सगळ्यांना. गावच्या माणसाला वेगळं काही द्यायचं तर कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या, पोराच्या हातात गोळी. ते आधीही देतच होते.

फळ्याचा खरा उपयोग दुसराच निघाला. वहिनीला काकीसमोर तोंडाने भाव वाढवायला लागत नाही. काकी विचारते, आज नारळ कितीला गो, वहिनी बोट दाखवते.

नारळाचे तीन ढीग केले, मोठा ५५, मधला ४८, लहान ३८. शंभरात साधारण तीस मोठे, पंचेचाळीस मधले, पंचवीस लहान येतात, त्याचे होतात ४,७६०, चार बदलून दिले तरी साडेचार हजारांच्या वर, म्हणजे शेकड्यामागे साडेतीनशेच्या पुढे. गंमत म्हणजे लहान ३८ चा असल्यामुळे दुकान स्वस्त झालं अशीच हवा गावात पसरली.

पाणी छापील भावाला. याला पर्याय नव्हताच. पण नामवंत कंपनीची बाटली दादाला साडेतेराला पडते, छापील १८, सुटतात साडेचार. गोव्यातच भरलेलं एक पाणी, एफएसएसएआयचा नंबर वगैरे बघून घेतलेलं, आठला पडतं आणि त्यावरही छापील १८. कमी नावाच्या मालाला दुकानदाराचं मार्जिन नेहमीच जास्त, नाव नाही म्हणून कंपनी ते आपल्याला देते. फक्त कोल्ड्रिंक कंपनीने दिलेल्या फ्रीजमध्ये दुसऱ्याचा माल ठेवला की सेल्समन येऊन तोंड वाकडं करतो, म्हणून एक जुना छोटा फ्रीज सात हजाराला घेतला. थंड पाण्याचे वरचे सात गेले त्यातले बरेचसे असे भरून निघाले, सगळे नाही. दोन रुपये परत द्यायला नाणी लागतात, ती दादा आता बँकेतून आणतो, आणि अर्धे लोक मोबाईलवरूनच देतात.

पाठ नसलेल्या वस्तूंत मात्र वाव होता आणि तो चांगला निघाला. कपडे वाळत घालायची दोरी आधी किलोने घेऊन अंदाजे कापून द्यायचे, आता मीटरने, फळ्यावर लिहून. खोली घेऊन राहणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात दोरी आणि चिमटे घेतो हे वहिनीला माहीत होतं, फक्त दुकानात ते मागच्या कोपऱ्यात होतं. ते पुढे आणलं. माडाचा गूळ, तिरफळं, आमसुलं, सुकी सुंगटं (कोळंबी), हा माल आजूबाजूच्या बायकांकडून थेट, समोर तोलून द्यायचा, यात वीस-पंचवीस टक्के सुटतात आणि विकणाऱ्या बाईला पण बाजारात बसावं लागत नाही.

कांदा-टोमॅटोत आम्ही हार मानली. गावात हॉर्टिकल्चर महामंडळाचा भाजीचा गाळा आहे, तिथे सरकारी सवलतीचा भाव, त्याच्याशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. गाळा बंद झाल्यावर संध्याकाळी ज्याला लागेल त्याच्यापुरता थोडा ठेवायचा. पावात पण काही सुटत नाही, पोदेर (पाववाला) सकाळी टोपलीभर ठेवून जातो, पण पाव घ्यायला आलेला माणूस अंडी घेतो, म्हणून पाव हवाच. आणि उधारी, २१,००० वहीत अडकलेले, त्यावर बोलायला लागलो तर दादा उठून गेला, तो विषय राहिला.

जानेवारीचे आकडे आले. विक्री ३,०५,०००, सुटले ३९,०००, खर्च १६,०००, हातात तेवीस. नोव्हेंबरला चौदा होते. सगळं श्रेय भावाला देऊ नका, जुन्या एमआरपीचा घाटा संपला होता आणि नाताळ ते नवीन वर्ष तशी पण चलती असते. अंड्याची खरेदी मधे अजून वर गेली, कारण नाताळाआधी बेबिंका आणि केकला घराघरात अंडी लागतात, तेव्हा जोडी सोळा केली आणि खाली आल्यावर परत पंधरा. चार जणांनी कुरकुर केली, दोन जण पुढच्या दुकानात गेले, त्यातला एक परत आला.

खरी परीक्षा जूनमध्ये. टुरिस्ट गेलेले, मासेमारी बंद, सगळा धंदा गावावर. तेव्हा अंड्याला मागणी असते पण श्रावण लागला की एकदम पडते, त्यामुळे ट्रे किती उतरवायचे हे भावाइतकंच बघावं लागणार. आणि साखरेवरून घरात अजून वाद चालू आहे, दादा म्हणतो शेचाळीस कर, वहिनी म्हणते पंचेचाळीस. फळ्यावर पंचेचाळीस आहे.